फराळाचे पदार्थ, महाराष्ट्रातील

घरी आलेल्या पाहुण्यापुढे मुख्य जेवणाव्यतिरिक्त ठेवण्यासाठी घरीच तयार केलेल्या गोड व तिखटमिठाच्या पदार्थांना मराठीत सामान्यतः ‘फराळाचे पदार्थ’ किंवा ‘फराळाचे जिन्नस’ असे म्हणतात. त्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. लाडू, करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे, चकल्या, कडबोळी, शेव, चिवडा इ. पदार्थ आगाऊ करून डब्यांत भरून ठेवता येतात. तर पोहे, तिखटमिठाचा सांजा, थालीपीठ, भजी, वडे इ. पदार्थ पाहुणा आल्यावर ताजे करून दिले जातात. पहिला वर्ग प्रामुख्याने दिवाळीशी निगडित आहे, दुसरा नित्याच्या आतिथ्याशी.

हे पदार्थ पूर्वापार जसेच्या तसे चालत आले आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास पाहता मात्र असे दिसते की, फराळाच्या ताटातील धान्ये, स्निग्ध पदार्थ, गोडी व मसाले वारंवार बदलत गेले. पाहुणा केव्हाही आला तरी घर रिकामे आढळू नये, ही अपेक्षा आणि ती पुरी करण्यासाठी स्त्रियांनी घेतलेले बिनमोल कष्ट या दोनच गोष्टी दीर्घकाळ टिकून राहिल्या. गेल्या सु. पन्नास वर्षांत या दुसऱ्या गोष्टीतही पालट होऊ लागला. त्याचे स्पष्ट चित्र नवी मुंबईसारख्या नव्याने वसविलेल्या शहरात पाहावयास मिळते.

शब्द व संकल्पना : ‘फराळ’ हा शब्द संस्कृत ‘फलाहार’ (फल + आहार) या शब्दापासून आला आहे. व्रताच्या दिवशी अन्न वर्ज्य करून केलेला फळे-कंदमुळांचा आहार, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे उपवासास चालणारे सर्व पदार्थ आणि त्याही पुढे जेवण नसलेले कोणतेही हलके खाणे, असा अर्थविस्तार झाला. त्यामुळे एकादशीचा फराळ व दिवाळीचा फराळ असे जवळजवळ परस्परविरोधी प्रयोग आज मराठीत एकत्र नांदतात. पहिल्यात संयम अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात समृद्धी. पदार्थांची काही नावेही त्यांच्या प्रवासाची साक्ष देतात. ‘शंकरपाळे’ हा शब्द फार्सी ‘शकरपारा’ या शब्दापासून आला असून शंकराशी त्याचा संबंध नाही. चकलीचे नाव व रूप कन्नड ‘चक्कुली’शी जुळते. करंजीला तिचे नाव करंजाच्या शेंगेशी असलेल्या आकारसाम्यावरून मिळाले. ‘पोहे’ हा शब्द संस्कृत ‘पृथुक’पासून व्युत्पन्न झाला आहे.

आतिथ्याची कल्पना प्राचीन आहे. तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीत अतिथीला देवासमान मानण्याचा उपदेश आहे. गृह्यसूत्रांत मान्यवर पाहुण्याला दही, तूप व मध यांचा मधुपर्क देण्याचा विधी सांगितला आहे. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी परंपरागत व्युत्पत्ती देतात. फराळाच्या टिकाऊ पदार्थांमागील व्यावहारिक कारण या व्युत्पत्तीतच सापडते. येणाऱ्याची वेळ ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठीचे खाणे आधीच तयार असावे लागते आणि ते नासता कामा नये.

टिकाऊपणाचे तंत्र : अन्न नासविणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी पाणी लागते. फराळाच्या बहुतेक कृती म्हणजे पदार्थातील मोकळे पाणी कमी करण्याच्या किंवा बांधून ठेवण्याच्या युक्ती होत. तळणात तेल वा तूप सु. १६० ते १८०° से. इतके तापलेले असते. पदार्थातील पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात व त्याची जागा अंशतः स्निग्ध पदार्थ घेतो. बुडबुडे शमले की चकली झाली, ही गृहिणींची खूण म्हणजे पाणी संपल्याचीच खूण होय. पीठ भिजविताना त्यात कडकडीत तेलाचे ‘मोहन’ घालतात. त्यामुळे पिठाचे कण चिवट होऊन एकमेकांना धरीत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन जास्त झाल्यास तो तळणीतच विरतो. रव्याच्या लाडवात साखरेचा एकतारी पाक पाणी बांधून ठेवतो. ओल्या नारळाची करंजी एकदोन दिवसांतच खावी लागते, तर सुक्या खोबऱ्याची काही आठवडे टिकते. हा फरकही पाण्याच्या प्रमाणाचाच आहे. टिकाऊपणाची शेवटची मर्यादा मात्र पाण्याने नव्हे, तर तेल-तुपाला हवेमुळे येणाऱ्या खवटपणाने ठरते. म्हणूनच घट्ट झाकणाच्या डब्याला महत्त्व आले.

यांपैकी काही कृती बऱ्याच कौशल्याच्या आहेत. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलतात, नंतर फडक्यावर वाळवून दमट असतानाच कुटतात व गुळात किंवा साखरेत मिसळून ते पीठ काही दिवस मुरू देतात. मुरण्याच्या या क्रियेने अनारशाला जाळी पडते. ओलावा वा गोडी अधिक झाल्यास तो तुपात फुटून पसरतो. याला ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ व एक वाटी उडदाची डाळ असे सर्वसाधारण प्रमाण असते. धने-जिरे त्याबरोबरच भाजून दळतात. प्रमाण सांगता येते. भाजणी किती खमंग करावी आणि पाक केव्हा उतरवावा हे मात्र डोळा, नाक व बोट यांच्या अंदाजाने ठरते. हे ज्ञान आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे पाहूनच गेले. ते लिहून ठेवण्याची गरज दीर्घकाळ भासली नाही.

इतिहास : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात मंडक (मांडे), पूरिका, वटक इ. अनेक पदार्थांच्या कृती आल्या आहेत. चालुक्यांची सत्ता महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर असल्याने या प्रदेशाच्या खाद्येतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन ठरते. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी भोजनकुतूहल हा ग्रंथ रचला. त्यात जिलेबीसारखे, त्यापूर्वीच पश्चिम आशियातून येऊन रुळलेले पदार्थ समाविष्ट झाले आहेत. हे दोन्ही ग्रंथ दरबारी वर्तुळातील असून सामान्य घरातील खाण्याचे चित्र त्यांतून अप्रत्यक्षपणेच मिळते.

सर्वांत मोठा बदल पोर्तुगीजांच्या आगमनानंतर झाला. मिरची, भुईमूग, बटाटा, काजू व कसाव्हा ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके असून सोळाव्या शतकापासून ती टप्प्याटप्प्याने भारतात पसरली. ‘बटाटा’ हा मराठी शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला आहे. म्हणजे चिवड्यातील शेंगदाणे व मिरची, कांदेपोह्यांतील बटाटा, तसेच उपवासाला पवित्र मानली जाणारी साबूदाण्याची खिचडी, यांपैकी काहीच मानसोल्लासाच्या काळी संभवत नव्हते. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व आले यांवर भिस्त असे. साबूदाणा कसाव्ह्याच्या कंदापासून करतात. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील आयात थांबल्यावर तमिळनाडूतील सेलम परिसरात त्याचा उद्योग वाढला.

आतिथ्य व सामाजिक निर्बंध : पाहुण्याला देव मानणाऱ्या समाजात कोणी कोणाकडे काय खावे, याचे नियमही तितकेच कडक होते. भात-वरणासारख्या शिजविलेल्या अन्नापेक्षा तळलेल्या व कोरड्या पदार्थांबाबत सोवळ्याचे निर्बंध शिथिल असत. यामुळे प्रवासात व परघरी फराळाचे जिन्नस सोयीचे ठरले. तरीही मर्यादा होतीच. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर उपस्थितांना चहा व बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती म. गो. रानडे, लोकमान्य टिळक प्रभृती होते. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे प्रसिद्ध करविल्यावर मोठे ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपाने समाजाचे पुढारी अडचणीत आले. अस्पृश्य गणलेल्या जातींना तर १९२७ च्या महाड सत्याग्रहापर्यंत सार्वजनिक तळ्यातील पाण्यासाठीही झगडावे लागले. फराळाच्या ताटाचा इतिहास हा कोणापुढे ते ठेवले गेले आणि कोणापुढे नाही, याचाही इतिहास आहे. १९३० च्या दशकातील सहभोजनाच्या कार्यक्रमांना म्हणूनच राजकीय व सामाजिक अर्थ प्राप्त झाला.

चहाच्या प्रसारानंतर आतिथ्याचे स्वरूप आणखी बदलले. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवून त्यातून चहाच्या प्रचारासाठी निधी उभारण्यात आला. पुढील काही दशकांत गूळपाण्याची जागा चहाने घेतली आणि चहाबरोबर पटकन होणारे पोहे शहरी मध्यमवर्गाचे स्वागतचिन्ह बनले. विवाहेच्छू मुलीला पाहावयास आलेल्या मंडळींपुढे तिने पोह्यांची बशी आणून ठेवण्याची प्रथा इतकी रूढ झाली की, ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग वधूपरीक्षेचा पर्याय ठरला. पाहुणचार येथे परीक्षेचे साधन झाला. पोहे उत्तम झाले तरी निर्णय पाहुण्यांचा असे.

पाकपुस्तके : छापखान्यामुळे मौखिक ज्ञान पुस्तकांत येऊ लागले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी एक होय. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया (१९१०) हे पुस्तक मुंबईच्या पाठारे प्रभू समाजाच्या पाकपरंपरेवर आधारलेले असून, एका स्त्रीने स्वयंपाकघरातील अनुभव ग्रंथरूप केल्याचे ते ठळक उदाहरण आहे. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकाने वजनाऐवजी वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत नेले. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांपासून दूर शहरात संसार मांडणाऱ्या पिढीला अशा पुस्तकाची आवश्यकता होती; त्याच्या असंख्य आवृत्त्यांचे कारण हेच होय.

कच्चा माल व इंधन : विसाव्या शतकात फराळ अधिकाधिक गिरणीवर व कारखान्यावर अवलंबून राहू लागला. जात्यावरील पिठाची जागा चक्कीने घेतली. मैदा व बारीक रवा सहज मिळू लागला. १९५० साली प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले व त्यानंतर महाराष्ट्रात असे अनेक कारखाने निघून गुळाच्या घरांतही साखर आली. १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने विकले जाणारे वनस्पती तूप अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारे असल्याने दिवाळीच्या तळणीत शिरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. सणासाठी रवा व साखर साठविणे हा तेव्हापासून अनेक वर्षे गृहिणीच्या काटकसरीचा विषय राहिला. वनस्पतीतील ट्रान्स मेदाम्लांचे हृदयावरील दुष्परिणाम पुढे सिद्ध झाले आणि जानेवारी २०२२ पासून स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण भारतात २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले. चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह व स्वयंपाकाचा गॅस या क्रमाने इंधन बदलले. तळणासमोर बसण्याचे तास त्यामुळे कमी झाले, पण ते बसणाऱ्या व्यक्तीत बदल झाला नाही.

प्रादेशिक विविधता : पाहुण्यापुढे येणारे जिन्नस त्या त्या भागाच्या पिकांशी व समाजांशी बांधलेले आहेत. विदर्भात सांबारवडी व पाटवडी, मराठवाडा-सोलापूरकडे चुरमुऱ्यांचा सुशीला, सांगली-कोल्हापूरकडे भडंग, मालवणात खाजा हे पदार्थ प्रसिद्ध आहेत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे खाजाचे कानवले हे करंजीचे पापुद्रेदार व नाजूक रूप होय. गोव्यात नेवऱ्या गणेशचतुर्थीला तसेच नाताळालाही करतात. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या नाताळच्या ताटातही त्या कुलकुलांसमवेत असतात. सण व धर्म वेगळे असूनही सारण भरलेली, कडा मुडपलेली तीच करंजी पाहुण्यापुढे येते. उत्तर भारतात तीच होळीची गुजिया होते.

नवी मुंबई : या सर्व प्रवाहांचा संगम नवी मुंबईत दिसतो. मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरून १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पात आल्या. नियोजित क्षेत्र सु. ३४४ चौ. किमी. होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला व १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकलगाडी आली. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला.

मूळचे रहिवासी प्रामुख्याने आगरी व कोळी होते. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर त्यांची उपजीविका चाले. साहजिकच त्यांच्या पाहुणचाराचे पदार्थ तांदळाचे होते. तांदळाच्या पिठाचे घावन, वडे, हळदीच्या पानांतील पातोळ्या, गुळाची तळलेली बोरे यांसाठी लागणारे धान्य स्वतःच्या खाचरातून येई. भूसंपादनानंतर खाचरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्यातून विकसित भूखंडाच्या स्वरूपात परतावा देण्याचे धोरण पुढे आले. घरातील कणगी मात्र पुन्हा भरली नाही. लग्नातील वडे आजही होतात, त्यांचा तांदूळ दुकानातून येतो.

त्याच भूमीवर १९८० व १९९० च्या दशकांत मुंबईच्या घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने हलविण्यात आल्या. वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात धान्य, मसाले, सुका मेवा, साखर यांचा व्यापार एकवटला. दिवाळीपूर्वी महानगरातील फराळाचा बराचसा कच्चा माल येथूनच किरकोळ दुकानांत जातो. ही पोती वाहणारे माथाडी कामगार मुख्यत्वे सातारा, सांगली व पुणे जिल्ह्यांतील असून १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. त्यांच्या घरांच्या वसाहती कोपरखैरणे, घणसोली इ. भागांत झाल्या.

वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर येथील सिडकोच्या इमारतींत कोकण, घाट, विदर्भ, केरळ, तमिळनाडू, गुजरात, पंजाब येथील कुटुंबे एकाच जिन्यावर राहावयास आली. कोणाचेही मूळ गाव तेथे नव्हते व शेजार हाच पहिला नातलग ठरला. दिवाळीत रुमाल झाकलेली ताटे एकमेकांकडे जाण्याची जुनी प्रथा येथे भाषांच्या सीमा ओलांडून चालू राहिली. चकलीच्या बदल्यात मुरुक्कू आले, करंजीच्या बदल्यात घुगरा. ताट रिकामे परत करू नये, हा संकेत सर्वांना परिचित होता. मात्र वाड्यात किंवा चाळीत शेजारणी एकत्र जमून पाळीपाळीने प्रत्येकीच्या करंज्या करीत, ती पद्धत येथे क्षीण झाली. स्वयंपाकघर लहान, आणि घरातील स्त्री अनेकदा नोकरीसाठी दिवसातील दोनतीन तास प्रवासात असे.

घरगुती श्रमाचे मोल : या अडचणीतून घरगुती पदार्थांचा बाजार वाढला. त्याची पूर्वपीठिका मुंबईत तयार झाली होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला; त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही मोठी सहकारी संस्था उभी राहिली. गिरणगावात कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया सावकारी कर्जात अडकलेल्या होत्या. त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. या मंडळाचे एक केंद्र पुढे वाशी येथे उभे राहिले. त्याच वर्षी राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापिले व नंतरच्या काळात बचत गटांच्या प्रदर्शनांतून भाजणी, पापड, लाडू, चिवडा यांची विक्री सर्वत्र रूढ झाली. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी आवश्यक केली. दिवाळीपूर्वी परदेशस्थ मुलांना फराळाची पार्सले पाठविणे हाही या व्यवसायाचा भाग बनला.

या स्थित्यंतराबद्दल दोन मते आढळतात. विकतचा फराळ म्हणजे आतिथ्यातील जिव्हाळ्याचा ऱ्हास, असे काही मानतात. या आक्षेपात तथ्य आहे. अनारशाचे पीठ ओलसर असताना कसे ओळखावे, हे पाहून शिकणारे घरात कोणी उरले नाही, तर ती कला एका पिढीत लोपू शकते. परंतु चकली घरी होत असताना तिच्या खर्चाच्या हिशेबात तांदूळ, डाळ व तेल धरले जाई, करणारीचे दिवस धरले जात नसत. ती किलोवर विकली जाऊ लागली तेव्हा त्या दिवसांना प्रथमच दर मिळाला. तो दर अद्याप बहुधा अपुराच असतो. कच्चा माल, गॅस व जागा यांचा खर्च वजा जाता हाती थोडे उरते. तरीही ‘घरगुती’ या शब्दाला बाजारात किंमत आहे, हे विक्रेते व ग्राहक दोघेही मान्य करतात. ती किंमत ज्या हातांमुळे आहे, त्यांची नावे राजग्रंथांत आली नाहीत आणि पाकपुस्तकांतही क्वचितच आली. घरातील मुलगे व पुरुष तळणीसमोर बसू लागल्याची उदाहरणे अलीकडे दिसतात. ती वाढल्यास फराळाच्या परंपरेतील सर्वांत जुना भाग बदलेल आणि कदाचित त्यामुळेच तिचा उर्वरित भाग टिकून राहील.